बिनविरोध होता होता

त्या वर्षी आमचे आमदारसाहेब बिनविरोध निवडून येणार होते. गावानं तसं ठरवलंच होतं, फक्त निवडणूक आयोगाला कळवायचं राहिलं होतं.

साहेब लोकप्रिय होते यात वादच नाही. इतके, की प्रत्येक पक्षाला ते आपलेच वाटत. एकेक करून ते बहुतेक पक्षांत राहून आले होते, आणि ज्यात राहायचं राहून गेलं होतं तो पक्ष त्या खेपेला त्यांच्याच पक्षाबरोबर युतीत होता. मोठ्या पक्षांनी एकमेकांसाठी जागा सोडता सोडता शेवटी सगळ्यांनीच सोडली. काही अपक्षांनी अर्ज भरले होते. पण अर्जांची छाननी होताच त्या सगळ्यांना एकदमच अंतरात्म्याचा आवाज ऐकू आला, आणि ते एकाच पांढऱ्या गाडीतून येऊन अर्ज मागे घेऊन गेले. गाडी कुणाची होती हे गावात लहान पोरांनाही माहीत होतं. साहेबांच्या कार्यकर्त्यांनी गुलाल आधीच आणून ठेवला होता.

अर्ज उरला तो एकच. तो आमच्या भाडेकरणीचा होता.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझं माहेर सांगवीचं, सासर चाकणजवळचं. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी सासरी मी अजून 'सांगवीची'च आहे. म्हणजे माझ्या जिभेचा दोष कुणाला द्यायचा हे घरात पक्कं ठरलेलं आहे. सासऱ्यांनी जिथं बटाटा आणि कांदा पिकवला तिथं आता पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा आहेत. कंपन्या आल्या, माणसं आली, आणि आम्ही शेतकऱ्याचे घरमालक झालो. काम तेच राहिलं, महिन्याच्या सुरुवातीला जाऊन काय उगवलंय ते बघायचं. साहेब आमच्या भावकीतले. त्यांच्या आई म्हणजे माझ्या सासूबाईंच्या चुलत जाऊबाई. त्यामुळे साहेबांना मत देणं हा आमच्याकडे मताचा प्रश्नच नव्हता. लग्नात आहेर करावा तसं ते करायचं होतं.

भाडेकरीण मूळची लातूरकडची. नवरा टेम्पो चालवायचा, ती एका रबराच्या कंपनीत पार्ट तपासायच्या कामावर होती. एकुलती एक मुलगी आयटीआय करून नुकतीच ट्रेनी म्हणून लागली होती, पहिल्या शिफ्टला. पहिल्या शिफ्टची बस सकाळी सहाला चौकात येते. खोल्यांपासून चौकापर्यंत जायला दोन वाटा. एक डांबरी रस्ता, ज्याच्यावर कंटेनरची रांग असते आणि कडेनं चालायला टीचभर जागा नसते. दुसरी पाणंद, म्हणजे पूर्वीची बैलगाडीची वाट. बैलगाड्या गेल्या, पाणंद राहिली, आणि तिच्यात मधे मधे झाकण नसलेली चेंबरं आली. तिथं एकही दिवा नव्हता. मागच्या हिवाळ्यात खोल्यांतलीच एक मुलगी पहाटे अशा चेंबरात पडली. पाय मोडला, मग नोकरीही गेली, आणि ती गावाकडे परत गेली. तेव्हापासून ही बाई रोज पहाटे मोबाईलचा टॉर्च धरून मुलीला चौकापर्यंत पोचवायची, बस हलली की तशीच परत यायची, आणि मग डबे करून स्वतःच्या कामाला जायची.

दिव्यांसाठी तिनं साहेबांच्या संपर्क कार्यालयात अर्ज दिला होता. तिथं तिला चहा मिळाला, पाण्याची बाटली मिळाली, साहेबांचं कॅलेंडर मिळालं. 'होऊन जाईल' हे उत्तरही मिळालं. पुन्हा गेली तेव्हा तेच सगळं मिळालं, फक्त कॅलेंडर नवीन वर्षाचं होतं.

मग एक पक्ष तिच्या दारात आला. पक्ष लहान होता. इतका लहान, की तालुकाध्यक्ष स्वतःच खळीची बादली घेऊन भिंतीवर पोस्टर चिकटवत फिरायचा. त्याला वरून आदेश आला होता की उमेदवार द्या, शक्यतो महिला द्या. तो खोल्यांच्या रांगेत विचारत विचारत हिच्यापर्यंत पोचला. तिनं त्याला पक्षाची विचारधारा विचारली नाही. एकच विचारलं.

"अर्ज भरला की साहेबाला माझ्याशी बोलावं लागतंय का?"

"लागतं की. लोकशाही आहे," तालुकाध्यक्ष म्हणाला.

"मग भरा."

लोकशाहीवर इतका विश्वास असलेली दोन माणसं आमच्याच खोल्यांत एकमेकांना भेटावीत, याचं मला आजही नवल वाटतं. पक्षाला चिन्ह मिळालं इस्त्री.

अर्ज राहिला म्हटल्यावर साहेबांची माणसं आमच्या दिवाणखान्यात आली. माझ्या नवऱ्याला पुढंमागं महापालिकेचं तिकीट हवं होतं. महापालिका आमच्या गावापर्यंत अजून यायची होती, पण इच्छुक तयार होते. तो त्यांच्यासमोर सोफ्याच्या अगदी कडेवर बसला होता.

"भाऊ, भाडेकरू तुमची हाय," त्यांतला पुढारी म्हणाला. "तुमी सांगितलं तर ऐकंल ती. गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय राव."

"सांगतो की," नवरा म्हणाला, आणि तिला बोलवायला मला पाठवलं. सांगायचं काम त्यानं घेतलं होतं, चालायचं माझ्याकडे आलं.

ती आली, दारातच उभी राहिली. मी बस म्हटल्यावर बसली. पुढाऱ्यानं आवाजात मध घातला.

"वहिनी, बिनविरोध झालं ना, तर आपलं गाव टीव्हीवर येतंय."

"येऊ द्या की," ती म्हणाली. "फक्त पहाटं आणू नका त्या टीव्हीवाल्यायला. खड्ड्यात पडतील."

मला हसू आलं आणि मी चहा आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा व्यवहार ठरत होता. तिनं माघार घ्यायची, पाणंदीला दिवे लागतील. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "लावा."

दोन-चार दिवसांत पाणंदीत खांब उभे राहिले. तेव्हा आचारसंहिता लागलेली होती, सरकारी कामाला हात लावता येत नाही. म्हणून हे खांब एका दानशूर व्यक्तीकडून आले होते. दानशूर व्यक्तीला नाव नको होतं. खांब मात्र चांगले होते, चंदेरी, वर दिव्याचं भांडंसुद्धा. फक्त त्यांना तार नव्हती.

"तार?" तिनं विचारलं.

"तुमी माघार घ्या, तार येतीय."

"तार येऊ द्या, मी माघार घेते."

इतकी सोपी गोष्ट. पण आधी कुणी हलायचं यावर दोन्ही बाजू अडून बसल्या. ज्या माणसांनी अख्खे पक्ष फोडले होते, त्यांना ही बाई फुटेना. शेवटी माघारीच्या दिवसाचे तीन वाजून गेले, आणि आमच्या मतदारसंघात नाइलाजानं निवडणूक घ्यावी लागली. आणून ठेवलेला गुलाल पुन्हा झाकून ठेवला.

साहेबांचा प्रचार पाहण्यासारखा होता. म्हणजे तो पाहण्यासाठीच होता. जेसीबीच्या बकेटीतून फुलं, वर ड्रोन, मागे पांढऱ्या गाड्या, आणि साहेब हिमालय ओलांडून आल्यासारखं सांगणारं गाणं. एका बाईविरुद्ध इतका फौजफाटा बघून मला तिचा अभिमान वाटायला लागला. आमच्या दारात साहेब उतरले, सासूबाईंच्या पाया पडले, मी त्यांना ओवाळलं. तबकात त्यांनी काय घातलं याबद्दल मी काही बोलणार नाही. आचारसंहिता तेव्हाची असली तरी नवरा अजून इच्छुक आहे.

दुसऱ्या दिवशी ती आली. बरोबर फक्त तालुकाध्यक्ष, हातात पत्रकांचा गठ्ठा. सासूबाई ओट्यावर सुपात बाजरी पाखडत बसल्या होत्या. भाडं द्यायला ती मागच्या दारानं यायची; पुढच्या दारात, चांगलं लुगडं नेसून, अशी ती पहिल्यांदाच आली होती. तिनं पत्रक पुढं केलं.

सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी पत्रकाकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. कपाळाला कुंकू, गळ्यात डोरलं, आणि पहिल्यांदा दारात आलेली. अशा बाईला तसंच पाठवायचं नसतं, इतकंच त्यांना कळलं.

"थांब गं," त्या म्हणाल्या, आणि मला हाक मारली. "तांदूळ आन नारळ आण. खण बी आण, त्या हिरव्यातला."

मी आत जाऊन दबक्या आवाजात म्हणाले, "आत्या, ती साहेबांच्या विरोधात उभी आहे."

"मग? उभीच ऱ्हाऊ दे का तिला? पाट मांड."

तर अशा रीतीनं आमच्या घरात विरोधी उमेदवाराची ओटी भरली गेली. ती बाई इतकी गोंधळली की मत मागायचं विसरली. पदराची झोळी धरून बसली आणि तिचे डोळे भरून आले. इकडे आल्यापासून तिची ओटी कुणी भरली नव्हती, असं तिनं मला नंतर सांगितलं. आमच्याच खोलीत ती इतकी वर्षं राहत होती. मला कानकोंडं झालं.

गोष्ट इथं थांबली असती. पण सासूबाई भावकीतल्या थोरल्या. थोरल्या काकींनी जिची ओटी भरली तिला शेजारणीनं रिकामी कशी जाऊ द्यायची? शेजारणीनं भरली म्हटल्यावर तिच्या जावेनं भरली. आणि हिला जुन्या घरांची माहिती नाही म्हणून सासूबाईंनी मला हुकूम सोडला, "तिच्यासंगं जा, घरं दाव." आमदारांच्या भावकीतली सून, उद्याच्या नगरसेवकाची बायको, विरोधी उमेदवाराच्या प्रचारफेरीत पुढं चालू लागली. मागून तालुकाध्यक्ष नारळांची पिशवी सांभाळत येत होता. पक्षाला इतका प्रतिसाद मिळालेला त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. त्याला वाटत होतं ही लाट आहे.

आळीत घर सोडायचं नाही असा रिवाज आहे. एका घरी गेलात आणि पुढचं गाळलंत तर वर्षभर बोलणी खावी लागतात. त्यामुळे सरळ चालत चालत आम्ही साहेबांच्या बंगल्यापाशी पोचलो. साहेब सभेला गेले होते. मला बघून रखवालदारानं फाटक उघडलं. माझ्या मागं कोण आहे हे त्याच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, कारण आमच्याकडे एकही गाडी नव्हती.

साहेबांच्या आई मागच्या अंगणात होत्या. पुढं सगळा संगमरवर, पण म्हातारीनं मागं आपली चूल राखली होती. त्यांनी काही न विचारता पाट दिला, कुंकू लावलं, तांदळाची ओंजळ भरली, आणि मग विचारलं, "कुणाची गं तू?"

"ह्यांच्या खोलीत राहते," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली.

"मग आज कुणीकडं?"

"मत मागाय आले. इस्त्रीला."

म्हातारीचा हात थांबला. "म्हंजी आमच्या पोराच्या इरुद्ध?"

"व्हय."

मी जमिनीकडे बघत राहिले. तालुकाध्यक्षानं पिशवी हळूच खाली ठेवली, पळावं लागलं तर हात मोकळे असावेत म्हणून. म्हातारीनं ओंजळीतल्या तांदळाकडे पाहिलं, तिच्या पदराकडे पाहिलं. मग ओंजळ तिच्या पदरात ओतली.

"अर्धी वटी भरून उठवत न्हाईत कुणाला," त्या म्हणाल्या. "काय पायजे तुला?"

"पाणंदीला दिवे. लेकरू जातंय पहाटं."

"दिवे न्हाईत व्हय अजून?" म्हातारीला खरोखरच माहीत नव्हतं, बंगल्यासमोर रात्रभर उजेड असतो. "ह्यो पोरगा झाला तवा सुईण त्याच पाणंदीनं आली व्हती, कंदील घिऊन. मिळतील जा. वटी भरली म्हंजी तू घरची लेक. लेकीला रिकामी लावत न्हाई मी."

कुणीतरी हे मोबाईलवर टिपलं होतं. तो व्हिडिओ अख्ख्या गावात फिरला. साहेबांच्या कार्यालयात म्हणे तासभर कुणी फोन उचलत नव्हतं. पण साहेब साहेब का आहेत हे दुसऱ्या दिवशी कळलं. चौकात मोठं फ्लेक्स लागलं, त्यावर आईंचा फोटो, खाली साहेबांचे जोडलेले हात, आणि मजकूर: 'विरोधकालाही लेकीचा मान देणारं संस्कारी घराणं.' लेकीचा फोटो मात्र कापला होता. फक्त पदर आणि नारळ दिसत होता.

मतदान झालं. निकाल लागला. साहेब प्रचंड मतांनी आले, इस्त्रीची अनामत जप्त झाली, गुलाल वापरला गेला. सगळं रीतसर. फक्त आमच्या शाळेतल्या बूथवर एक विचित्र गोष्ट झाली. तिथं इस्त्रीला इतकी मतं पडली होती की पुढाऱ्याला आधी मशीनच बिघडलंय असं वाटलं. खोल्यांतल्या भाडेकऱ्यांची मतं बहुतेक आपापल्या गावी असतात. मग ही मतं आली कुठून? जुन्या घरांतूनच. भावकीतून.

पुरुष मंडळी देवळात बसली. प्रत्येकानं शपथेवर सांगितलं की आमच्या घरातलं एकही मत हललेलं नाही. सगळ्यांच्या शपथा खऱ्या धरल्या तर इस्त्रीला मतं देवानं दिली असावीत. घरी आल्यावर नवऱ्यानं मला विचारलं, "तू कुणाला दिलंस?"

"मतदान गुप्त असतं," मी म्हणाले. ह्या घरात माझं काही गुप्त राहिल्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मी ते तसंच ठेवलं आहे.

आणि मग क्रेन आली. सकाळी, गुलाल अजून रस्त्यावर होता तेव्हाच. दानशूर व्यक्तीचं मन बदललं होतं. खांब दुसरीकडे न्यायचे होते. पहिल्या खांबाला पट्टा अडकवेपर्यंत सगळी आळी जमली. ती बाई नुकतीच मुलीला चौकात पोचवून परत आली होती. हातात मोबाईल, त्याचा टॉर्च बंद करायचंही तिला सुचलं नव्हतं. खांबाकडे बघत राहिली. इतके दिवस साहेबांना पुरून उरलेली बाई त्या क्षणी एकदम लहान दिसायला लागली, आणि मला फार वाईट वाटलं.

पिठाच्या हातांनी सासूबाई बाहेर आल्या. "काय चाललंय?"

"काकी, तुमी नका पडू ह्यात," पुढारी म्हणाला. "तिनं माघार घेतली न्हाई. आन वर गावची मतं इस्त्रीला गेली. साहेब नाराज हायती."

"मतं व्हय," सासूबाई म्हणाल्या. "त्यातलं एक माझं."

माझा नवरा जवळच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून महापालिकेचं तिकीट हळूहळू निघून गेलं.

"काकी, आवो..."

"वटी मी भरली आन मत दुसऱ्याला देऊ? तसं आमच्यात करत न्हाईत. आता तो पट्टा काढ."

मग शेजारीण पुढं आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. तिची जाऊ आली. त्यांच्या नवऱ्यांनी देवळात घेतलेल्या शपथांचं काय झालं ते सगळ्यांना दिसलं. क्रेनवाल्यानं इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. पुढाऱ्यानं बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला.

पुढचं मला साहेबांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या बाईंकडून कळलं. साहेब फोन ठेवून तरातरा आईकडे गेले. म्हणाले, भावकीनं दगा दिला, कोण कोण आहे ते मी एकेकाला बघतो. म्हातारी चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "बघ. पयली मला धर."

दुसऱ्या दिवशी तार आली.

दिवे लागले त्या संध्याकाळी साहेबांनी फीत कापली. भाषणात ते म्हणाले की आईला दिलेला शब्द त्यांनी पाळला. टाळ्या झाल्या. बाईला बोलावलं नव्हतं. प्रत्येक खांबावर फ्लेक्स चढलं: 'दिला शब्द पाळला', आणि वर साहेब, डोक्यापासून कमरेपर्यंत, खांबागणिक एकदा. त्यांच्या चेहऱ्यावर दिव्याचा झोत बरोबर पडत होता.

माझा संताप झाला. पुढच्या पहाटे मी मुद्दाम उठून खोल्यांकडे गेले. ती दारात उभी होती, हातात टॉर्च नव्हता. मी म्हणाले, "बघितलंस का ते फ्लेक्स? सगळं तू केलंस, आणि नाव बघ कुणाचं. तुझा कुठं उल्लेख तरी आहे का?"

तिनं मला हातानं गप्प केलं. पाणंदीत तिची मुलगी एकटीच चालली होती, पाठीला सॅक, एका दिव्यातून दुसऱ्या दिव्यात.

"असू द्या हो ताई," ती नजर न काढता म्हणाली. "लेकरू पार चौकापस्तोर दिसतंय."